भाजलेल्या जखमेवरचा मध

1991 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक लेख आला. लेखक होते डॉ. एम. सुब्रह्मण्यम आणि खाली पत्ता होता सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागाचा. विषय होता भाजलेल्या जखमेवर मध. वरवर भाजलेले 104 रुग्ण घेतले होते. त्यातल्या 52 जणांच्या जखमा मधाने आणि 52 जणांच्या सिल्व्हर सल्फाडायझिनने बांधल्या होत्या. सल्फाडायझिन म्हणजे जगभरच्या बर्न वॉर्डांत तेव्हाही आणि आजही दिसणारे ते पांढरे मलम. सात दिवसांनी मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या होत्या, मलमाच्या गटातल्या फक्त 7 टक्के. पंधरा दिवसांत भरून आलेल्या जखमांचे प्रमाण मधाकडे 87 टक्के आणि मलमाकडे 10 टक्के निघाले.

हे आकडे वाचून सोलापूरकराला आनंद होणे साहजिक आहे. आज वनस्पतिजन्य औषधांचा आणि औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या बशीपाशी थांबते. अमुक पानाच्या अर्काने जिवाणू मारले अशी बातमी येते आणि विरून जाते. सोलापुरात ती बशी ओलांडून माणसांवर, दोन गट पाडून चाचणी झाली, आणि पुढची काही वर्षे त्याच डॉक्टरांनी एकामागून एक चाचण्या केल्या. मध तसा थेट वनस्पतीचा अर्क नव्हे. फुलांचा मकरंद माशीने पोटात घेऊन, त्यात आपले रस मिसळून, पोळ्यात आटवलेला तो पदार्थ आहे. पण झाडाचे औषध रुग्णाच्या अंगापर्यंत कसे न्यायचे, याचा धडा त्यातून जितका मिळतो तितका दुसऱ्या कशातून क्वचितच मिळेल.

आधी भाजलेली जखम बिघडते कशी ते पाहू. कातडी ही शरीराची तटबंदी. ती करपली की खाली उरतो मेलेल्या पेशींचा, प्रथिनांनी भरलेला, ओलसर आणि उबदार थर. जिवाणूंना याहून सोयीची जागा नाही. या थरातल्या रक्तवाहिन्याही जळून बंद झालेल्या असतात, त्यामुळे शिरेतून दिलेले अँटिबायोटिक तिथपर्यंत पुरेसे पोचतच नाही. सलाईनमधून महागडे इंजेक्शन चालू आहे आणि जखमेच्या पृष्ठभागावर जिवाणू मजेत वाढत आहेत, असे या आजारात सहज घडते. म्हणूनच भाजलेल्या रुग्णाला जखमेवर लावायच्या औषधाची गरज इतर कोणत्याही रुग्णापेक्षा जास्त असते.

पहिल्या काही दिवसांत जखमेवर येतो तो आपल्याच कातडीवरचा स्टॅफिलोकोकस ऑरियस. आठवडा उलटेपर्यंत स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे दुसऱ्या फळीतले जिवाणू हातपाय पसरू लागतात. स्यूडोमोनास आला की बऱ्याचदा कल्चर रिपोर्ट यायच्या आधीच ओळखू येतो. पट्टी सोडली की गॉजवर निळसर हिरवा डाग दिसतो आणि एक विचित्र गोडसर वास येतो. तो रंग त्याने सोडलेल्या पायोसायनिन या द्रव्याचा. या जिवाणूंची खोडी अशी की ते एकेकटे राहत नाहीत. स्वतःभोवती चिकट पदार्थाचे आवरण तयार करून त्याच्या आत वस्ती करतात, आणि त्या आवरणातून औषध आत झिरपायलाच वेळ लागतो. शिवाय त्यांच्याजवळ औषध तोडणारी विकरे असतात. एनडीएम-1 नावाचे असे एक विकर 2009 मध्ये जगासमोर आले. त्याच्या नावात नवी दिल्ली आहे, कारण ते स्वीडनमधल्या ज्या रुग्णात सापडले तो आधी भारतातल्या रुग्णालयात राहून गेला होता. हे विकर कार्बापेनेम गटाची औषधे निकामी करते. मग डॉक्टरांच्या हातात कोलिस्टिनसारखी मूत्रपिंडावर ताण आणणारी जुनी औषधे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली नव्या औषधांची सर्वाधिक निकड असलेल्या जिवाणूंची यादी काढली. तिच्या सर्वात वरच्या गटात कार्बापेनेमला दाद न देणारे ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास आणि क्लेब्सिएलाचे भाईबंद होते. बर्न वॉर्डातली नेहमीची मंडळी हीच.

अशा जागी मध काय करतो? त्याचा पहिला मार्ग साधा आहे. मधात सुमारे ऐंशी टक्के साखर असते आणि पाणी सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास. एवढा घट्ट पाक जिवाणूच्या पेशीतले पाणी ओढून घेतो. दुसरा मार्ग आम्लतेचा. मधाचा सामू साधारण साडेतीन ते साडेचार, आणि त्यात बहुतेक रोगजंतूंची वाढ खुंटते. पण पाक आणि आम्ल एवढेच असते तर साखरेच्या पाकात लिंबू पिळूनही काम झाले असते. तिसरा मार्ग मला सर्वात विलक्षण वाटतो. मकरंद आटवताना माशी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मिसळते. घट्ट मधात ते जवळजवळ निद्रिस्त असते. जखमेतल्या लशीने मध पातळ झाला की ते जागे होते आणि ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे करत राहते. बाटलीतले पेरॉक्साइड जखमेवर ओतले तर फेस येऊन क्षणात संपते आणि नव्या पेशींनाही इजा करते. इथे ते अगदी कमी प्रमाणात पण तासन्‌तास तयार होत राहते. यात भर म्हणून माशीचेच एक जिवाणूरोधक प्रथिन असते आणि फुलाफुलांप्रमाणे बदलणारी वनस्पतींची द्रव्ये असतात. न्यूझीलंडमधल्या मनुका झुडपाच्या मधात तर मिथिलग्लायॉक्सल हे द्रव्य पुष्कळ असल्याने पेरॉक्साइड बाजूला ठेवले तरी तो काम करतो.

एवढ्या वेगवेगळ्या बाजूंनी एकदम हल्ला झाला की जिवाणूला पळवाट शोधणे कठीण जाते. अँटिबायोटिक बहुधा एकाच जागी घाव घालते, त्यामुळे एका जनुकीय बदलाने जिवाणू सुटतो. मनुका मधाच्या कमी मात्रेत जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या वाढवून त्यांना मधाची सवय लावण्याचा प्रयत्न ब्रिटनमधल्या रोझ कूपर आणि सहकाऱ्यांनी केला आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापला. टिकाऊ प्रतिकार तयार झाला नव्हता. त्याआधी 2002 मध्ये कूपर आणि न्यूझीलंडचे पीटर मोलन यांनी भाजलेल्या जखमांतून मिळालेले स्यूडोमोनासचे 17 वाण तपासले होते. दहा टक्क्यांपेक्षा कमी मध असलेल्या द्रावणातही त्यांची वाढ थांबली. म्हणजे जखमेतल्या पाण्याने मध दहापट पातळ झाला तरी त्याच्यात दम उरतो.

आता पुन्हा सोलापूरकडे. त्या वॉर्डातली पद्धत आपल्या घरातल्या आजीलाही समजेल अशी होती. जखम सलाईनने धुवायची, तिच्यावर मध पसरायचा, वर निर्जंतुक कोरडा गॉज ठेवायचा आणि पट्टी बांधायची. डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1993 मध्ये मधाच्या गॉजची तुलना पॉलियुरेथेनच्या पारदर्शक फिल्मशी केली आणि 1994 मध्ये गर्भावरणाशी. 1996 मध्ये त्यांनी मधासमोर उभी केली बटाट्याची उकडलेली साल.

बटाट्याची साल म्हटल्यावर हसू येईल, पण हा उपचार मुंबईत अत्यंत गांभीर्याने जन्माला आला होता. डॉ. मनोहर केसवानी यांच्यापुढे लहान मुलांच्या भाजलेल्या जखमा झाकायच्या कशा हा रोजचा प्रश्न होता. परदेशी आवरणे परवडत नव्हती आणि दात्याची कातडी मिळत नव्हती. त्यांनी उकडलेल्या बटाट्यांच्या साली सोलून गॉजच्या पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवल्या, पट्टी गुंडाळून ऑटोक्लेव्ह केली आणि जखमेवर बांधली. जखम ओलसर राहिली, गॉज चिकटला नाही. 1985 मध्ये त्याचा प्राथमिक अहवाल ‘बर्न्स’ या नियतकालिकात छापून आला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान निर्जंतुक करून वापरले. पट्टी सोडताना पान जखमेला चिकटत नाही आणि रुग्ण ओरडत नाही, हा त्याचा मोठा गुण. भाजलेल्या माणसाला रोजच्या ड्रेसिंगची भीती भाजण्याच्या आठवणीइतकीच असते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना यातली सुटका समजेल.

सोलापूरच्या 1996 च्या चाचणीत 50 रुग्ण मधाचे आणि 50 बटाट्याच्या सालीचे होते. दाखल होताना ज्यांच्या स्वॅबमध्ये जिवाणू निघाले होते, त्यातल्या मधाच्या गटातल्या 90 टक्के जखमा सात दिवसांत निर्जंतुक झाल्या. सालीखाली जिवाणू सातव्या दिवसानंतरही तग धरून राहिले. साल आणि पान ही उत्तम आवरणे आहेत, मध आवरणही आहे आणि औषधही, असा फरक त्यातून स्पष्ट झाला.

मला सर्वात मोलाची वाटते ती मात्र 1999 ची चाचणी. तोपर्यंत डॉ. सुब्रह्मण्यम यांचे नाव जगभर मधाशी जोडले गेले होते. त्यांनी मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एकात करपलेली कातडी सुरुवातीलाच शस्त्रक्रियेने तासून काढून लगेच त्वचारोपण केले, दुसऱ्यात मधाच्या पट्ट्या बांधल्या. शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला आणि त्यांनी ते लेखाच्या शीर्षकातच लिहून टाकले. मधाची मर्यादा मधाच्याच पुरस्कर्त्याने मोजून दाखवली. वरवर भाजलेल्या जखमेत खालच्या थरातल्या पेशी जिवंत असतात. जंतुसंसर्ग आवरला की कातडी आपली आपण भरून येते. पूर्ण जाडीची कातडी जळाली तर भरून यायला काही उरलेलेच नसते, तिथे चाकू आणि रोपण यांना पर्याय नाही.

पुढे कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने मधावरच्या साऱ्या चाचण्या एकत्र पाहिल्या. अंशतः जाडीच्या भाजण्यात मध काही नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा जखम साधारण चार-पाच दिवस लवकर भरतो, असा त्यांचा हिशेब निघाला. त्याबरोबर त्यांनी एक टोचणारी नोंदही केली. भाजण्याबद्दलच्या या पुराव्याचा मोठा भार एकाच केंद्रावर आहे, आणि इतर ठिकाणी हेच निकाल निघतील का, हा प्रश्न उरतो. ते केंद्र म्हणजे आपले सोलापूर. ही शंका मला रास्त वाटते. वरवरच्या जखमा एरवीही दोन-तीन आठवड्यांत भरतात, मग 1991 च्या मलमाच्या गटात फक्त दहा टक्केच का भरल्या, हे कोणीही विचारावे. एक उत्तर असे की सिल्व्हर सल्फाडायझिन स्वतःच नव्या पेशींना त्रास देऊन जखम भरणे लांबवते, हे नंतरच्या आढाव्यांतून पुढे आले. म्हणजे मध ज्याच्याशी शर्यत लावत होता तो गडी आधीच लंगडत होता. त्याने मधाचे श्रेय संपत नाही, पण पुढची शर्यत आजच्या चांगल्या पट्ट्यांशी लावायला हवी.

मग झाडपाल्याचे काय? आपल्याकडे जखमेवर दगडी पाला चोळून लावतात, हळद दाबतात, कडुनिंबाच्या पाण्याने धुतात, कोरफडीचा गर लावतात. सुश्रुताने तर भाजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक्‌दग्ध आणि अतिदग्ध. प्रत्येकीला उपचारही वेगळा दिला आहे. या वनस्पतींत जिवाणूंना मारक द्रव्ये आहेत यात शंका नाही. झाडांनाही जंतू लागतात आणि त्यांना जागेवरून पळता येत नाही, त्यामुळे ती रसायनांनीच लढतात.

प्रयोगशाळेत याची परीक्षा अशी होते. अगारच्या जेलीवर जिवाणूंचा पातळ थर पसरतात, जेलीत छोटे भोक पाडून त्यात अर्क घालतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले की अर्क काम करतो म्हणायचे. आपल्या महाविद्यालयांतून असे शेकडो प्रकल्प होतात आणि विद्यार्थ्याला त्या वर्तुळाचा आनंद होतो. पण वर्तुळाचा आकार अर्काच्या ताकदीइतकाच तो जेलीत किती सहज पसरतो यावर ठरतो. खरा आकडा वेगळा: जिवाणूची वाढ थांबवायला कमीत कमी किती मात्रा लागते? चांगल्या अँटिबायोटिकला मिलिलिटरमागे एखाददुसरा मायक्रोग्रॅम पुरतो. कच्च्या अर्काला बहुधा शेकडो, कधी हजारो लागतात. एवढे औषध गोळीने देऊन रक्तात उतरवणे अशक्य. मात्र भाजलेल्या जखमेवर ते लेपाच्या रूपात थेट ठेवता येते. वनस्पतीच्या अर्कांना खरी संधी कुठे असेल तर ती इथे, आणि म्हणून हा विषय मला आशेचा वाटतो.

त्यात एक सुंदर गोष्ट 2000 साली समोर आली. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन असते. एकटे बर्बेरिन स्टॅफिलोकोकसपुढे दुबळे ठरते, कारण जिवाणू आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकतो, होडीत शिरलेले पाणी उपसावे तसे. अमेरिकेतल्या फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाला त्याच झुडपात दुसरे एक द्रव्य सापडले. ते स्वतः जिवाणू मारत नाही, फक्त तो पंप अडवते, आणि मग बर्बेरिन प्रभावी होते. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्ध वनस्पतींकडून शिकायचे ते हे. नवे विष हवेच असे नाही, जुन्या औषधाची अडवलेली वाट मोकळी करणारा साथीदारही पुरतो.

सोलापूरच्या दारात असलेली वनस्पती म्हणजे डाळिंब. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या कोरड्या माळांवर ते पिकते. केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. दाणे काढले की उरते ती जाड साल, आणि तीच प्युनिकॅलाजिन या टॅनिनने भरलेली असते. जुलाबावर साल उगाळून देणाऱ्या आजीबाईंना तिची तुरट ताकद ठाऊक होती. प्रयोगशाळेत ही टॅनिने जिवाणूंच्या प्रथिनांना बांधून ठेवतात आणि स्टॅफिलोकोकससारख्यांची वाढ रोखतात.

पण टॅनिनाला एक इतिहास आहे, आणि तो सालीचा लेप करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावा. 1925 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जखमांवर टॅनिक ॲसिड फवारण्याची पद्धत मांडली. हे ॲसिड ओकसारख्या झाडांवरच्या गाठींतून निघते. आपल्या बाळगुटीतले मायफळ म्हणजे अशीच एक गाठ. फवारा मारला की जखमेचा पृष्ठभाग तपकिरी, चामड्यासारखा घट्ट होई, आतले पाणी वाहून जाणे थांबे आणि रुग्णाला आराम पडे. पंधरा-सोळा वर्षे जगभर हाच उपचार मान्य होता. मग दुसऱ्या महायुद्धात दोन गोष्टी उघड झाल्या. भाजलेल्या वैमानिकांच्या बोटांवर ते चामडे आवळून हात निकामी होत होते. शिवाय उघड्या जखमेतून टॅनिक ॲसिड रक्तात शिरून यकृताचा नाश करत होते. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही पद्धत सोडून द्यावी लागली.

‘बाहेरून लावायचे आहे, त्याने काय होणार’ हे वाक्य भाजलेल्या माणसाच्या बाबतीत चुकीचे आहे. अखंड कातडी औषध अडवते, जळालेली शोषून घेते. जखम मोठी असेल तर लेपातले काहीही थेट रक्तात जाते. पाल्यावर मातीतले जंतू असतात, कच्च्या मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात. वैद्यकीय दर्जाचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात ते यासाठीच, कारण उकळला तर पेरॉक्साइड तयार करणारे विकरच मरते. घरात कोणी भाजले तर वीस मिनिटे नळाचे वाहते गार पाणी, अंगठ्या-बांगड्या लगेच काढणे, स्वच्छ कापड आणि दवाखाना, एवढेच करावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद आणि बरणीतला मध यांतले काही लावू नये.

डाळिंबाच्या बागेची दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. ‘तेल्या’ हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. फळावर काळे तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि वर्षाचे उत्पन्न मातीत जाते. त्याला आवरायला शेतकरी वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचे मिश्रण फवारत आले. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावरचे औषध. बागेतले जिवाणू आणि वॉर्डातले जिवाणू वेगळे असले तरी औषधाला दाद न देण्याची जनुके ते एकमेकांना देऊ शकतात. शेतीतला या औषधांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारने 2021 च्या डिसेंबरमध्ये काढला. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याच्या हातात तेल्यावरचा दुसरा भरवशाचा उपाय द्यावा लागेल. जिवाणूंना रोखणारी साल ज्या झाडावर येते त्याच झाडावर अँटिबायोटिक फवारावे लागावे, हे मनाला लागते.

वनस्पतीचा अर्क सगळ्या परीक्षा पार करून बर्न वॉर्डात पोचू शकतो, याची उदाहरणे आहेत. अननसाच्या खोडातल्या विकरांपासून केलेले नेक्सोब्रिड हे औषध करपलेली कातडी विरघळवते आणि जिवंत थराला सोडून देते. युरोपात त्याला 2012 मध्ये आणि अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. बर्च झाडाच्या सालीच्या अर्काचे जेल 2016 मध्ये युरोपात अंशतः जाडीच्या जखमांसाठी मान्य झाले. खोड काय किंवा साल काय, दोन्ही एरवी टाकून देण्याच्याच वस्तू.

डाळिंबाच्या सालीला त्या रांगेत बसवायचे तर क्रम ठरलेला आहे. कोणत्या बागेतली, कोणत्या हंगामातली साल हे नोंदवून अर्कातले प्युनिकॅलाजिन दर वेळी मोजायचे. मग बर्न वॉर्डातूनच घेतलेल्या, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंवर, आणि तेही त्यांच्या चिकट वस्तीच्या आत, त्याची मात्रा काढायची. जखमेच्या लशीतली प्रथिने टॅनिनाला आधीच बांधून टाकतात की काय, हे पाहायचे. माणसाच्या कातडीच्या पेशी त्या मात्रेत जगतात का ते तपासायचे. टॅनिक ॲसिडचा इतिहास लक्षात ठेवून पहिल्या रुग्णापासून यकृताच्या चाचण्या करायच्या. मग वरवरच्या, लहान जखमांवर, निर्जंतुक केलेल्या मधाशी आणि आजच्या चांगल्या पट्टीशी तुलना करायची, आणि या वेळी सोलापूरबरोबर मिरज, पुणे, मुंबई अशा आणखी दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी.